वर जाते म्हणू नये

सुनोली, उत्तराखंड
२६ एप्रिल २०२४

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

पोचले. नांदेडची रेल्वे, मग बस, मग जीप आणि आता पुढे नुसते पाय. सुनोली हे रस्त्याचं शेवटचं गाव. इथे पोस्टाची एक खोली आहे. इथून डोंगराच्या पायथ्याच्या तळावर शिधा घेऊन खेचरं जातात, त्यांच्याबरोबर टपाल वर जातं आणि खाली येतं. तळावर मोबाइल लागत नाही. मोहिमेचे प्रमुख नेगी सर, त्यांच्याकडे एक सॅटेलाइट फोन आहे, पण तो अडीअडचणीला. तसंही फोनवर तुम्हाला माझं काही ऐकू येत नाही, 'हां हां, बरं बरं' म्हणून ठेवून देता. म्हणून पत्रच बरं.

आज पहाटे रूपिणी पहिल्यांदा दिसली. मी शेतातल्या चुलीसारख्या एका चुलीपाशी हात शेकत बसले होते, तर समोरच्या काळ्या डोंगरामागे आणखी एक डोंगर होता आणि तो पांढरा होता. आधी ढग वाटला. मग त्याला ऊन लागलं आणि टोक गुलाबी झालं. बाबा, इतकं सुंदर काही मी पाहिलेलं नाही. आणि इतकं परकंही काही पाहिलेलं नाही. आपल्याकडे डोंगर म्हटलं की त्यावर एखादं देऊळ, दोन शेळ्या, कुणाचं तरी बोलणं. हिच्यावर काहीच नाही.

सासऱ्याला एकटं टाकून सून डोंगर चढायला गेली, असं औंढ्यात आतापर्यंत बोलून झालं असेल. बोलू द्या. अनिरुद्ध गेल्यापासून तीन वर्षं शाळेत, बाजारात, देवळात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. इथे मला कुणी 'बिचारी' म्हणत नाही. इथे कुणाला माहीतच नाही. त्यासाठीच तर मी आले.

यंत्र कानाला लावत जा. उद्या सकाळी तळाकडे निघू, आणि मग महिनाभरात थोडं थोडं करत वर जाऊ.

तुमची
अनुश्री


औंढा नागनाथ
४ मे २०२४

चि. <s>सौ.</s> अनुश्री हीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर पूर्वीसारखंच गचाळ आहे. क्रीडाशिक्षिकेला अक्षर नसलं तरी चालतं असं शाळेत कुणी सांगितलं असेल तर तो गैरसमज आहे.

एक गोष्ट आधी. 'वर जाऊ' असं लिहिलं आहेस. वर जाते म्हणू नये. चढते म्हण, निघते म्हण, माथ्याकडे कूच करते म्हण, मराठीत शब्द कमी आहेत का? तहसिलीत बत्तीस वर्षं मसुदे केले, शब्द कुठे बसतो आणि कुठे टोचतो ते मला कळतं. निघालीस तेव्हा दारातही 'येते' न म्हणता 'जाते' म्हणालीस. मी तेव्हा काही बोललो नाही, कारण रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, असं तुझ्या तोंडावरून समजलं. मला हॉर्न काही ऐकू आला नाही.

इथे ऊन असं आहे की दुपारी कुत्रं रस्ता ओलांडत नाही. तू तिकडे बर्फात आणि मी इकडे ओला पंचा डोक्यावर घेऊन. शेजारची आशाबाई दोन वेळचं करून देते. तिच्या भाजीत तिखट इतकं की बोलायची गरजच पडत नाही, नुसतं हाशहुश करून जेवण होतं. तिने परवा विचारलं, "बाबा, त्या डोंगरावर काय हाय? देव हाय का?" मी म्हटलं नाही. "मंग काहून चढून राहिल्या?" याचं उत्तर मी तुझ्यावर सोपवलं आहे. तूच कळव.

यंत्राचं म्हणशील तर ते काढून ठेवलं आहे. लावलं की पंख्याची घरघर ऐकू येते, फ्रीज ऐकू येतो आणि बाकी काहीच नाही हेही ऐकू येतं. त्यापेक्षा बहिरा बरा. बहिऱ्याला निदान वाटतं की घरात कुणीतरी बोलत असेल, आपल्यालाच येत नसेल ऐकू.

जपून चढ.

व्यंकटराव


रूपिणी तळ
१२ मे २०२४

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

खोडलेलं 'सौ.' दिसलं. हात सवयीने लिहून गेला असेल. तीन वर्षं झाली तरी माझाही हात सवयीने तीन ताटं काढतो, आणि एक परत ठेवतो. तुम्ही पाहता आणि पाहिलं नाही असं करता, हे मला माहीत आहे.

आशाबाईंना सांगा, वर देव नाही. (वर म्हटलं, जाते नाही म्हटलं.) पण इथल्या लोकांच्या लेखी ही रूपिणीच देवी. पाय ठेवण्याआधी तिची परवानगी मागतात. आमचा स्वयंपाकी बिष्टभाई रोज सकाळी तिला चहाचा पहिला पेला ओततो आणि मग आम्हाला देतो.

चढणं कसं असतं ते सांगते. बुटांखाली लोखंडी दात बांधायचे, हातात कुऱ्हाडीसारखं एक हत्यार, कमरेला दोर, आणि त्या दोराला पुढे-मागे आणखी माणसं. दहा पावलं टाकली की छातीत भाता चालतो. रोज थोडं उंच जायचं, सामान ठेवायचं आणि झोपायला खाली यायचं. सगळ्यात धोका बर्फातल्या भेगांचा. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानात पडतात तशाच, पण एकेक भेग आपल्या विहिरीएवढी खोल, आत निळीभोर, आणि वरून ताज्या बर्फाने झाकलेली. तुम्ही मला लग्नानंतर पहिल्यांदा रानात नेलं होतं, तेव्हा काय म्हणाला होतात? "पाचोळ्याखाली भेग असते, काठी आधी, पाय मागून." मी तेच करते. नेगी सर म्हणाले, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी म्हटलं, माझ्या वडिलांनी.

सर रागावतात ते मात्र एकाच गोष्टीवर. मी फार मोठ्याने बोलते. तुमच्याशी बोलून बोलून माझा आवाजच तसा झालाय. कालच म्हणाले, "अनुश्रीजी, धीरे. बर्फ तुटायच्या आधी आवाज देतं, तो ऐकू यायला हवा." सगळे हसले. इथे सगळे चांगले आहेत, पण रात्री तंबूत दिवा विझला की मला औंढ्याचं घर आठवतं, आणि तिथे असताना मला हा डोंगर आठवायचा. मी नक्की कुठे असते तेच कळत नाही.

एक सांगायचं राहिलं. ज्या संस्थेतून मी शिकले तिथे शिक्षिकेची जागा निघाली आहे. मोहीम झाली की इकडेच राहा, असं सर म्हणतात. मी अजून हो किंवा नाही म्हटलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

तुमची
अनुश्री


औंढा नागनाथ
२१ मे २०२४

चि. अनुश्री हीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. नोकरीबद्दल विचारलं आहेस. मला वाटतं चांगली संधी आहे. अवश्य घ्यावी. तुझं वय चौतीस. औंढ्यात काय आहे? नागनाथ आहे आणि मी आहे. दोघांनाही ऐकू येत नाही.

माझी मुळीच काळजी करू नकोस. आशाबाई आहे, संध्याकाळी गल्लीतला उत्तमराव देवळापर्यंत सोबत करतो. तुझ्यावाचून इथे काही अडत नाही. तुझ्या खोलीतलं कपाट मी रिकामं करायला घेतलं आहे. कपडे, पुस्तकं, बक्षिसांचे कप असं सगळं वेगवेगळ्या खोक्यांत भरून वर नाव घालतो आहे. म्हणजे उद्या तुला कुठे न्यायचं झालं तर तकलीफ नको.

भेगा जपून ओलांड. बाकी ठीक.

व्यंकटराव


रूपिणी तळ
१ जून २०२४

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

पत्र मिळालं. एवढं लहान पत्र तुम्ही मला कधी लिहिलं नव्हतं.

माझ्यावाचून काही अडत नाही हे वाचून बरं वाटलं. खोकी भरत आहात तेही कळलं. मी विचारलं होतं तुम्हाला काय वाटतं, आणि तुम्ही सांगितलंत. तुम्ही सगळं बराबर केलंत. सुनेला किती वर्षं सांभाळणार? ज्याच्यामुळे मी त्या घरात आले, तोच राहिला नाही.

मी इथे सर्वांना 'माझे वडील' म्हणून तुमच्याबद्दल सांगत होते. आता थोडं जपून सांगेन.

नेगी सरांना नोकरीचं हो म्हणून सांगणार आहे. हवा बरी राहिली तर पाच तारखेला रात्री वरच्या तंबूंकडे निघू आणि तिथून माथ्याकडे. सॅटेलाइट फोन तळावरच ठेवतो आहोत, आम्ही निघालो की त्यावरून बिष्टभाई प्रत्येकाच्या घरी एक फोन करून कळवणार आहे. मी आशाबाईंचा नंबर दिला आहे. तुम्ही यंत्र लावत नाही म्हणून.

अनुश्री


औंढा नागनाथ
११ जून २०२४

चि. अनुश्री,

मसुदा न करता लिहितो आहे. चुका होतील.

परवा रात्री फोनवर तू सुखरूप आहेस एवढंच बोलणं झालं. बाकीचं आशाबाई सांगू शकली नाही, कारण ती रडत होती, आणि मी सांगू शकलो नाही, कारण तू काय विचारते आहेस ते मला कळत नव्हतं. आता ऐक.

शुक्रवारी दुपारी आशाबाई तिचा फोन हातात धरून दारात आली आणि खालीच बसली. मी विचारतो, काय झालं? ती ओरडून सांगते आहे, पण मला नुसतं तोंड हलताना दिसतं. मी टेबलाच्या खणातून यंत्र काढलं, तर सेल उतरलेले. शेवटी उत्तमराव आला आणि त्याने पाटीवर लिहून दाखवलं. तुझ्या त्या बिष्टभाईचा फोन आला होता. त्याचे शब्द आशाबाईने जसेच्या तसे सांगितले. "मॅडम तो परसों रात को ऊपर चली गईं. मौसम बहुत ख़राब है. अब हमारे हाथ में कुछ नहीं, भगवान की मर्ज़ी." एवढं बोलून फोन तुटला. परत लावला तर लागेना.

मी तुला लिहिलं होतं, वर जाते म्हणू नये.

संस्थेचं ऑफिस शनिवार-रविवार बंद. कुणाला विचारायचं? गल्लीतल्या बायका आल्या, सतरंजी अंथरली. आपल्या घरात चूल पेटवायची नाही म्हणून उत्तमरावाच्या घरून पिठलं-भाकरीचा कडू घास आला. अनिरुद्धच्या वेळी तो तू मला भरवला होतास, आठवतं? या वेळी ताट समोर ठेवून सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी भाकरी मोडली आणि मला कळेना की आता मला कोण भरवणार. मग माझा मीच घास घेतला.

तुझा भाऊ विश्वजीत वाशिमहून धावत आला. हे वाचून तुला राग येईल, पण सांगतो. तो मे महिन्यातही एकदा आला होता, तुझं बारा तारखेचं पत्र मिळालं त्याच आठवड्यात. चांगलाच मुलगा आहे. म्हणाला, "काका, ताईचं उभं आयुष्य पडलंय. एक स्थळ हाय. पन तुमाला सोडून ती न्हाई म्हनते. तुमीच तिला मोकळं करा." मला त्याचं म्हणणं पटलं. भाऊ म्हणून तो बरोबर बोलत होता. वरून तुझं नोकरीचं पत्र. मग मी ती चिठ्ठी लिहिली. काही अडत नाही असं लिहिलं. खोकी भरतो आहे असं लिहिलं. तू रागावशील आणि सुटशील, असा माझा हिशेब होता. खोकं मी एकच भरलं, कपांचं. आणि दुसऱ्या दिवशी ते परत कपाटात लावलं, कारण रिकाम्या फळीकडे बघवेना.

तर विश्वजीत या वेळी आल्यावर म्हणाला, ताई आमची, तिचं दिवसकार्य वाशिमला करू. मी आयुष्यात व्याह्यांच्या माणसांवर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी ओरडलो. म्हटलं, ती या घरातून गेली, सुतक या घराला. मला मुलगा होता तो गेला. ही मुलगी होती, ती गेली. आता तुम्ही मला सूनबिन शिकवू नका. गल्ली गोळा झाली. मी काय ओरडतोय ते मलाच ऐकू येत नव्हतं, म्हणून किती मोठ्याने ओरडलो ते मला माहीत नाही.

आणि शनिवारी दुपारी पोस्टमन आला. तुझं पहिल्या तारखेचं पत्र. सतरंजीवर बसून मी ते वाचलं. 'आता थोडं जपून सांगेन.' अनुश्री, तू गेलीस यापेक्षा तू हे समजून गेलीस, हे मला जड झालं. तुला उलट लिहायला पत्ता नव्हता. चूक दुरुस्त करायला शुद्धिपत्रक काढतात, पण ते कुणाकडे पाठवायचं? मी ती रात्र तशीच काढली. देवळातही गेलो नाही. सुतक होतं.

रविवारी अंधार पडता पडता आशाबाईचा फोन वाजला. तिने कानाला लावला, किंचाळली आणि फोन माझ्या मांडीवर टाकून पळाली. फोन मांडीवर, यंत्र खणात, आणि तरीही मला अर्धं ऐकू आलं. "आशाबाई! बाबांना सांगा! मी खाली आले!" असा आवाज या जगात एकाच माणसाचा आहे. तुझ्या नेगी सरांना माझे नमस्कार सांग आणि सांग की या मुलीला हळू बोलायला शिकवू नका.

आशाबाई आता गल्लीभर सांगते आहे, "मेल्याची खोटी खबर आली की आयुष्य वाढतं. शंभर वर्सं झाली ताईला." वाढलं असेल. माझं मात्र तेवढंच कमी झालं.

आता माझं म्हणणं. तुझ्या नावाआधी पुन्हा सौ. लागलं तर मला आनंदच आहे, तेव्हा मी ते खोडणार नाही. नोकरी करायची तर कर. डोंगर आणखी असतील तर तेही चढ. पण मला तुझ्यावाचून अडतं. सकाळचा चहा अडतो, पेपर वाचणं अडतं, भांडायला कुणी नाही म्हणून रागसुद्धा आतच अडतो. तू विचारलं होतंस मला काय वाटतं. मला वाटतं तू घरी यावंस. राहायला ये, नाहीतर चार दिवसांसाठी ये, पण येऊन मग ठरव.

हे पत्र संस्थेच्या डेहराडूनच्या पत्त्यावर पाठवतो आहे. तिथे सामान परत करायला थांबशील असं तू फोनवर म्हणालीस, असं आशाबाई म्हणते. तिच्या ऐकण्यावर आता माझा किती भरवसा ते तू जाणतेसच.

तुझा
बाबा


डेहराडून
१८ जून २०२४

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

पत्र कालच मिळालं. तीनदा वाचलं. विश्वजीतवर रागावले आहे, तुमच्यावर जास्त. मला मोकळं करायचं होतं तर मला विचारायचं. मी काय दाव्याला बांधलेली होते? भेटल्यावर यावर आपलं भांडण होईल, तयारीत राहा.

बिष्टभाईला सगळं सांगितलं. तो बिचारा कपाळाला हात लावून बसला. म्हणे, मी तर रोज हेच बोलतो, ऊपर गया, ऊपर गई. इथे सगळेच वर जातात आणि परत येतात.

आता माथ्याचं. फोनवर तुम्ही विचारलंच नाहीत, आणि पत्रातही नाही. मी चढले, बाबा. वरच्या तंबूत वादळात दोन रात्री अडकून होतो. बाहेर वारा तंबू उपटत होता आणि मी विचार करत होते की माझं काही झालं तर घरी कुणाला कळवतील. आणि मग माझ्याच पत्रातलं वाक्य आठवायचं. तुम्ही म्हणता की ते वाचून तुम्हाला जड झालं. माझं लिहून झालं होतं, आणि परत घेता येत नव्हतं. खेचरं गेली होती.

शनिवारी पहाटे हवा उघडली. शेवटची चढण अगदी अरुंद होती, दोन्ही बाजूंना काही नाही. काठी आधी, पाय मागून. मग आणखी चढायला काही उरलं नाही. चहूकडे पांढरे डोंगर, खाली ढग, आणि आकाश इतकं गडद की त्यात काळं मिसळल्यासारखं. मला वाटलं होतं तिथे अनिरुद्ध जवळ आल्यासारखा वाटेल. तसं काही वाटलं नाही. तिथे कुणीच नव्हतं. बाकीचे एकमेकांना मिठ्या मारत होते, फोटो काढत होते, आणि मी बाजूला उभी होते. इतकं एकटं मला औंढ्यात, त्या तीन ताटांच्या घरातसुद्धा, कधी वाटलं नव्हतं. तिथे निदान दुसऱ्या खोलीत तुम्ही खोकता.

आणि मग काय झालं कुणास ठाऊक. स्वयंपाकघरातून तुम्हाला हाक मारते ना, त्या आवाजात मी ओरडले. "बाबा! पोचले!" सगळे दचकले. नेगी सर रागावले नाहीत, नुसते बघत राहिले. आणि मी सवयीने थांबले, बाबा. तुम्ही 'काय गं?' म्हणायला जेवढा वेळ लावता, तेवढा वेळ तिथे थांबले. पलीकडून कुणी ओ दिली नाही. तेव्हा मला रडू आलं.

नंतर हिशेब केला. त्या वेळी तुम्ही सतरंजीवर बसला होतात.

नोकरीचं सरांना सांगितलं, आधी घरी जाऊन येते, मग ठरवते. सामान परत करून पुढच्या बुधवारी निघते आहे, शनिवारी २९ तारखेला नांदेडला उतरून दुपारच्या बसने औंढ्याला. स्टँडवर येऊ नका, ऊन फार आहे. यंत्रात नवे सेल घाला आणि ते कानाला लावून दारात बसा. आशाबाईंना म्हणावं, कडू घास तुम्ही एकट्याने घेतलात, आता गोडाचं काहीतरी करा, ते मी भरवीन.

मी गल्लीच्या तोंडावरूनच हाक मारीन. डोंगरावर मारली होती तेवढ्याच मोठ्याने. या वेळी ओ द्या.

येते.

तुमची
अनुश्री